विचारण्यास संकोच नको

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दांडी, उच्छेळी, नवापूर ही गावे एकमेकांना लागून आहेत. कोणाची होडी रिकामी परतली, तारापूरच्या कारखान्यातील कोणाचे काम सुटले, हे येथे सांजेपर्यंत सर्वांस ठाऊक होते. मनाचे दुःख मात्र, चार लोक काय म्हणतील या भयाने, दडविले जाते.

‘जीव नकोसा झाला आहे का?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उलट, विचारणाऱ्यापाशी माणूस मोकळा होतो. उपदेश न करता ऐकावे, त्यास एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी मानसिक आधार व उपचार गावापर्यंत नेले. तेथे आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते.

पोलिसांच्या भीतीने कुटुंबे असा प्रयत्न लपवितात आणि पुढील उपचार टळतो. खरे तर, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. सरपंचांनी ही तरतूद ग्रामसभेत समजावून सांगावी.

‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी निःशुल्क असून अहोरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर तो ठळक लिहावा, आणि जेथे मासळी उतरते त्या बंदरावरही.