वारली चित्राचा पांढरा चौकोन का होतो? पारदर्शक फाईल एक्सपोर्ट करायची योग्य पद्धत



तलासरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंना काळ्या कापडी पिशव्यांवर वारली चित्र छापून विकायचं होतं. पहिलीच ऑर्डर, 50 पिशव्यांची. चित्र त्यांच्याच घरातलं, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेलं. माझ्याकडे शिकून त्यांनी मागचा गेरू कॉम्प्युटरवर काढून टाकला. छपाईवाल्याला फाईल कशी पाठवू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा घाईत मीच सांगितलं, "व्हॉट्सॲपवर टाका ना." पिशव्या छापून आल्या आणि प्रत्येकीवर नुसता पांढरा चौकोन! चित्र गायब. चूक छपाईवाल्याची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. म्हणूनच आजचा धडा जरा सविस्तर.

पांढरं म्हणजे पारदर्शक नाही

स्क्रीनवर दिसणारं चित्र बारीक ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं असतं. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. पारदर्शक चित्रात चौथा आकडा जोडलेला असतो, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा 0 असेल तर तो ठिपका काचेसारखा आरपार, 255 असेल तर पूर्ण भरीव.

जेपीजी फाईलमध्ये हा चौथा आकडा ठेवायला जागाच नाही. त्यामुळे पारदर्शक चित्र जेपीजी झालं की रिकाम्या जागेत रंग भरला जातो, बहुतेक वेळा पांढरा. आता विचार करा, पांढऱ्या रेषा आणि मागेही पांढरं, मग काय दिसणार? घोलवडच्या चिकूच्या लेबलवर असं झालं तर चिकूभोवती पांढरी चौकट येईल, पण चिकू तरी दिसेल. वारलीत सगळं चित्रच जातं.

पीएनजीमध्ये अल्फा पूर्ण जपला जातो. हा फॉरमॅट 1996 साली प्रमाणित झाला आणि आज जवळपास सगळीकडे चालतो. वेबपीमध्येही पारदर्शकता राहते, तो वेबसाईटसाठी चांगला. जीआयएफमध्ये ठिपका एकतर पूर्ण आरपार किंवा पूर्ण भरीव, मधलं काही नाही. म्हणून कडा दातेरी दिसतात. छपाईला पीएनजीच द्या.

गिम्पमध्ये कसं करायचं?

गिम्प मोफत आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करू.

1. चित्र शक्यतो स्कॅन करा. फोटो काढणार असाल तर दिवसा, सावलीत, समोरून सरळ काढा. एका बाजूला ऊन आणि दुसरीकडे सावली असेल तर गेरूचा रंग एकसारखा येत नाही आणि पुढचं काम वाढतं.
2. 'कलर्स' मेनूतलं 'कलर टू अल्फा' उघडा आणि पिकरने गेरूचा रंग निवडा. गेरू निघून जाईल आणि मागे राखाडी चौकटी दिसतील. या चौकटी म्हणजेच पारदर्शक जागा.
3. मागे गेरूची धूळ राहिली तर 'ट्रान्सपरन्सी थ्रेशोल्ड' थोडा वाढवा. रेषा फिक्या वाटल्या तर 'ओपॅसिटी थ्रेशोल्ड' कमी करा.
4. रेषांच्या कडा मळकट दिसतात? लेयरचं 'लॉक अल्फा' चालू करा आणि पूर्ण लेयर पांढऱ्या रंगाने भरा. रंग फक्त रेषांवरच बसेल.
5. 'सेव्ह' केलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाईल तयार होते. ती मूळ प्रत म्हणून जपून ठेवा. छपाईसाठी 'फाईल' मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज' घ्या आणि नावाच्या शेवटी .png लिहा.

जेपीजीतला एखादा भाग खोडरबरने खोडायचा असेल तर आधी 'लेयर' मेनूतल्या 'ट्रान्सपरन्सी'मधून 'ॲड अल्फा चॅनल' करा. नाहीतर खोडलेल्या जागी बॅकग्राउंडचा रंग येईल.

फोटोशॉप आणि कॅनव्हा वापरत असाल तर

फोटोशॉपमध्ये खालचा 'बॅकग्राउंड' लेयर लॉक असतो, त्यावर डबल क्लिक करून तो मोकळा करा. एक्सपोर्ट करताना 'एक्सपोर्ट ॲज'मध्ये पीएनजी निवडा, 'ट्रान्सपरन्सी'वर टिक ठेवा आणि 'स्मॉलर फाईल'ची टिक काढा. मूळ फाईलवर 'फ्लॅटन इमेज' करू नका, पारदर्शकता तिथेच संपते. कॅनव्हामध्ये डाऊनलोड करताना 'ट्रान्सपरंट बॅकग्राउंड' हा पर्याय असतो, पण तो पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये मिळतो.

हमखास होणाऱ्या चार चुका

- नाव बदलणं: .jpg खोडून .png लिहिल्याने पारदर्शकता परत येत नाही. गेलेला अल्फा गेलाच, मूळ फाईलमधूनच पुन्हा एक्सपोर्ट करावं लागतं.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवणं: तिथे फाईलचा जेपीजी होतो आणि आकारही घटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ईमेल किंवा पेनड्राइव्ह.
- नेटवरची खोटी चौकटी: कधीकधी राखाडी चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. ते चित्र पारदर्शक नसतंच.
- लहान फाईल: चित्र 10 इंच रुंद छापायचं असेल तर 300 डीपीआयने 3000 पिक्सेल रुंदी लागते. ओढूनताणून मोठं केलं की रेषा फुटतात.

पाठवण्याआधीची एक मिनिटाची तपासणी

नवीन फाईल उघडा, ती गडद लाल रंगाने भरा आणि त्यावर तुमची पीएनजी ठेवा. रेषांमधून लाल रंग दिसला तर काम बरोबर. चौकोन दिसला तर थांबा. डीटीएफ छपाईत चित्राखाली पांढऱ्या शाईचा थर बसतो, त्यामुळे कडेला राहिलेली अर्धवट पारदर्शक धूळही पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटू शकते. म्हणून झूम करून कडा बघा. आणि 50 नगांआधी एक नमुना छापून मागवाच.

शेवटचं, पण महत्त्वाचं

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. तेव्हा नेटवरून कुणाचंही चित्र उचलून पारदर्शक करू नका. चित्रकाराला विचारा, मोबदला ठरवा, पिशवीच्या टॅगवर त्याचं नाव छापा. गिऱ्हाईकालाही ते आवडतं.

त्या ताईंनी नंतर हीच तपासणी करून पुन्हा फाईल दिली. खराब झालेल्या पिशव्यांचा निम्मा खर्च मी उचलला, शिकवणाऱ्याचीही फी असतेच! आज घरातलं एक चित्र घ्या, लाल रंगावर ठेवून बघा आणि मगच छपाईवाल्याला फोन करा. भेटू पुढच्या धड्यात!