अमेरिकेंतील कामागणिक फीचा आरोग्यविमा

ज्या शेतकरी बंधूंचीं मुलें अमेरिकेंत नोकरीस आहेत त्यांस उपयोगी पडावा, म्हणून तेथील आरोग्यविम्याच्या एका जुन्या पद्धतीचा हिशेब येथें देतों.

सालदार ठरलेल्या वार्षिक वेतनावर राबतो. उक्तें काम घेणारा कामागणिक पैसे घेतो. या पद्धतींत डॉक्टर दुसऱ्या प्रकारचा होय. प्रत्येक तपासणीची व शस्त्रक्रियेची फी निराळी. रोग्यास हवा तो डॉक्टर निवडतां येतो, हा तिचा मोठा गुण. 1965 सालच्या कायद्यानें निघालेली वृद्धांची सरकारी मेडिकेअर योजना मूळची याच पद्धतीची आहे.

आतां खाजगी विम्याचें उदाहरण घेऊं. समजा, वार्षिक वजावट 250 डॉलर; पुढील मान्य खर्चांत कंपनीचा वांटा शेंकडा 80 व रोग्याचा 20. बिल आलें 1,450 डॉलरांचें; परंतु कंपनीनें मान्य केलेला दर 1,250. त्यांतून वजावट जातां राहिले 1,000. पैकीं कंपनी देणार 800. रोग्याच्या माथीं वजावटीचे 250, वांट्याचे 200 व मान्य दरावरील 200, एकूण 650 डॉलर. म्हणजे शेंकडा 20 समजून चालणाऱ्यास शेंकडा सुमारें 45 भरावे लागतात.

दोष असा कीं, कामें वाढलीं कीं फी वाढते. त्यामुळें अनावश्यक तपासण्यांस उत्तेजन मिळतें.

सबब सही करण्यापूर्वीं तीन कलमें अवश्य वाचावीं: वजावट किती, मान्य दर कसा ठरतो, आणि रोग्याच्या वार्षिक खर्चास कमाल मर्यादा आहे कीं नाहीं.