इंडिका ते टियागो : छोटी मोटार बदलली, आपले गॅरेज बदलले का?

तुर्भे, कोपरखैरणे, शिरवणे या भागांत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास हिंडले की मोटार दुरुस्तीची असंख्य दुकाने दिसतात. मेकॅनिक, डेंटर, पेंटर, वायरमन, सीटवाले, डिझेल पंपवाले. त्यांत आपल्या समाजातील कारागीर किती, हे वेगळे सांगायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत मोठ्या प्रमाणात आहेत त्यांत मोटार दुरुस्ती आणि रस्ता वाहतूक यांचा उल्लेख आहे. म्हणजे मोटारीच्या पोटात काही बदलले की त्याचा परिणाम आपल्या हजारो घरांच्या चुलीपर्यंत पोचतो. तरीही हा बदल कसा झाला, याचा एकत्र विचार आपण क्वचितच करतो. उस्तादाने शिकवले तेवढे शागीर्द शिकतो, आणि उस्ताद ज्या गाडीवर शिकला ती गाडी एक दिवस रस्त्यावरून नाहीशी होते.

पद्मिनीचेच पाहा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बनत होती. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, मागच्या चाकांना जोर. या गाडीत तीन-चार दशकांत फारसे काही बदलले नाही, आणि तेच कारागिराच्या फायद्याचे ठरले. एकदा हात बसला की जन्मभराची रोजी. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बाद झाली. पण जाणत्या माणसाला तिचा धंदा संपल्याचे त्याच्या वीस वर्षे आधीच कळले होते.

आपल्या महाराष्ट्रात जन्मलेली आणि पिढ्यानपिढ्या बदलत गेलेली छोटी कुटुंबाची मोटार म्हणजे इंडिका. तोवर ट्रक, सुमो आणि सफारी बनवणाऱ्या टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) ती पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला उभी केली. बाहेरचा आकार इटलीतील तुरीनच्या आयडिया या संस्थेच्या मदतीने ठरला. कारखान्याची बरीचशी यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून सुटी करून, जहाजाने आणून पुण्यात पुन्हा जोडली. जुन्या मशिनरीचा व्यापार करणाऱ्या आपल्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसली म्हणजे धंदा थांबतो असे नाही. एकूण खर्च सुमारे १,७०० कोटी रुपये. आतली जागा अँबेसेडरएवढी, बाहेरचा आकार झेनएवढा, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि खर्च डिझेलचा, असा रतन टाटा यांचा हिशेब होता. १९९८ च्या अखेरीस गाडी बाजारात आली आणि लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली.

पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आल्या. सस्पेन्शनचा आवाज, टायरची झीज, ताकद कमी. २०००-०१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. त्याला ट्रकच्या बाजारातील मंदीही कारण होती. कंपनीने तक्रारी बाजूला न सारता गाडी दुरुस्त केली आणि २००१ मध्ये ‘व्ही-टू’ आणली. बोनेटवर जुने नाव कायम ठेवून पुढे ‘दुसरी आवृत्ती’ असे उघड लिहिणे म्हणजे एक प्रकारे पहिल्या आवृत्तीतल्या चुकांची कबुलीच होती. गिऱ्हाइकाला ती आवडली. पुढे २००३ ते २००५ या काळात हीच गाडी ‘सिटी रोव्हर’ नावाने इंग्लंडमध्येही विकली गेली. तिथे मात्र तिचे कौतुक फारसे झाले नाही, आणि २००५ मध्ये ती रोव्हर कंपनीच बुडाली.

नवी मुंबईत व्ही-टू खऱ्या अर्थाने रमली ती पिवळ्या नंबरप्लेटवर. टुरिस्टवाल्यांना आणि कंपन्यांच्या नोकरांची ने-आण करणाऱ्यांना डिझेलची, पाच माणसांची, बॅग मावणारी गाडी हवी होती. आणि गॅरेजवाल्यालाही ती हवीहवीशी होती. का, ते समजून घेऊ.

पहिल्या इंडिकाचे १४०५ सी.सी.चे इंजिन जुन्या पद्धतीचे. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या कोठडीत पडते, तिथे पेट घेते आणि मग खाली पसरते. अशा इंजिनाला डिझेलचा दाब फार लागत नाही. नोझल साधारण शे-दीडशे बार दाबावर उघडते. सगळे काम यांत्रिक पंपाचे. सकाळी गाडी सुरू होत नसेल तर हीटर प्लग पाहा, पाइपमधली हवा काढा, नोझल काढून तपासा. नाहीच जमले तर पंप उतरवून पंपवाल्याकडे न्या. कान आणि बोट यांच्या जोरावर निम्मे निदान होई. जपायचे ते टायमिंग बेल्टला. तो वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेडचे काम निघते.

पद्मिनीवरून आलेल्या मेकॅनिकला इथे एकच गोष्ट नवी होती. जोर पुढच्या चाकांना. प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचा क्रॉस गेला, ड्राइव्ह शाफ्ट आला. वळताना ‘कट-कट’ आवाज आला की जॉइंट गेला. पण जॉइंट आपोआप जात नाही. त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडते, धूळ-पाणी आत जाते, मग जॉइंट जातो. ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीचे बूट खाली वाकून पाहण्याची सवय असलेला कारागीर गिऱ्हाइकाचे मोठे बिल वाचवतो. असे गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाही.

खरी उलथापालथ झाली ती २००८ मध्ये, इंडिका व्हिस्टाबरोबर. बाहेरून पाहणाऱ्याला तीच गाडी जरा फुगलेली दिसली. पण आतले १२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन फियाटचे होते, पुण्याजवळच्या रांजणगावच्या भागीदारी कारखान्यातले. यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. आणि डिझेलची पद्धत कॉमन रेल. म्हणजे एक पंप सतत डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो. हा दाब हजार बारच्याही वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करावा. केव्हा आणि किती डिझेल सोडायचे हे आता पंप ठरवत नाही. संगणक ठरवतो आणि इंजेक्टरला विजेने हुकूम देतो.

यातून तीन गोष्टी आल्या. पहिली जिवाची आहे. चालू इंजिनाचा रेल पाइप सैल करून ‘डिझेल येते का’ पाहण्याची जुनी रीत इथे कधीही वापरू नये. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवावे लागू शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे. इंजिन बंद करून दाब उतरू द्यावा, मगच पाना लावावा.

दुसरी स्वच्छतेची. जुन्या नोझलला थोडी धूळ चाले. या इंजेक्टरला केसापेक्षा बारीक कणही चालत नाही. पाइप काढला की दोन्ही तोंडे झाकावीत. कपड्याच्या चिंध्यांनी नव्हे, कारण त्यांचेच धागे आत जातात.

तिसरी समजुतीची, आणि धंद्याचे भले-बुरे याच गोष्टीवर आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की पडद्यावर कोड येतो. पुष्कळ जण कोड वाचतात आणि तो पार्ट बदलतात. समजा ‘पी ००८७’ आला. त्याचा अर्थ रेलमधला दाब कमी पडतो, एवढाच. पंप गेला असे स्कॅनर म्हणत नाही, इंजेक्टर गेला असेही म्हणत नाही. अनेकदा डिझेल फिल्टर तुंबलेला असतो किंवा टाकीकडच्या नळीतून हवा ओढली जात असते. काही शे रुपयांच्या फिल्टरसाठी गिऱ्हाइकाच्या माथी हजारोंचा पंप मारला, तर तक्रार परत येईल आणि नाव जाईल. स्कॅनर गुन्ह्याची जागा सांगतो, गुन्हेगार आपल्यालाच शोधायचा असतो.

या इंजिनाचा एक फायदा मात्र दांडगा होता. याच घराण्याचे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायर डिझेलमध्ये, फियाटच्या लिनिआ आणि पुंटोमध्येही बसले. एका इंजिनावर हात बसवला की पाच-सहा गाड्यांचे काम येई. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने मात्र डोळे मिटून माल भरू नये. इंजिन एक असले तरी टर्बो आणि संगणक गाडीगणिक वेगळे असतात. पार्ट नंबर जुळवल्याशिवाय माल उचलू नये.

इंडिकाचे नाव २०१८ मध्ये बंद झाले. मधली ‘बोल्ट’ फारशी चालली नाही. एप्रिल २०१६ मध्ये आलेली टियागो हीच आता त्या जागेवर आहे. तिचे नाव आधी ‘झिका’ ठरले होते, पण त्याच सुमारास त्या नावाच्या तापाची साथ जगभर गाजली आणि नाव बदलावे लागले! गाडी बनते गुजरातेत साणंदला. तीन सिलिंडरचे ११९९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन. छोटे डिझेल इंजिनही होते, पण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि ते बंद झाले. छोट्या गाडीत धूर गाळण्याची महागडी यंत्रणा बसवणे परवडेना. ज्या पंपवाल्यांचे पोट छोट्या डिझेल मोटारींवर होते त्यांना हा फटका बसला. जुन्या गाड्यांचे काम काही वर्षे पुरेल, पण नवी गिऱ्हाइके त्या वाटेने येणार नाहीत. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, म्हणजे जुन्या गाड्याही हळूहळू कमीच होतील.

मग पुढे काय? जानेवारी २०२२ मध्ये टियागो कंपनीच्याच सी.एन.जी.सह आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विजेवर. एकाच गाडीची तीन रूपे. सी.एन.जी.चे काम शिकण्यासारखे आहे, पण ते अंदाजाने करण्याचे नाही. सिलिंडरची ठरावीक मुदतीने चाचणी कायद्यानेच लागते. विजेच्या गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली की प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. पण त्या गाडीलाही ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, काचा आणि पत्रा आहेच. डेंटर-पेंटरचे काम तर तसूभर कमी होत नाही.

ज्यांच्या हाती हुन्नर आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्व शिक्षणाची मान्यता’ हा मार्ग ठेवण्यात आला. शाळा-आयटीआय न केलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, अशी ती कल्पना. जवळच्या केंद्रात अशी परीक्षा केव्हा आहे याची चौकशी करावी. चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर एका गल्लीतल्या तिघा-चौघांनी मिळून घ्यावा. कुणाकडे तो किती दिवस राहील आणि त्याच्या नव्या सॉफ्टवेअरचे पैसे कोण भरेल, हे मात्र घेण्याआधीच कागदावर लिहून ठेवावे.