पत्ता आपलाच लिहावा

चि. सोनू,


तुझं पत्र पोचलं. ध्वनिमुद्रणासाठी चांगलं सॉफ्टवेअर पैसे मोजून घ्यायचं ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या वयाची कितीतरी मुलं चोरीच्या प्रतीवर काम सुरू करतात आणि पुढे तीच सवय राहते. पत्राच्या शेवटी मात्र तू विचारलंस, की मित्र सुचवतो तसा तुर्कस्तानातला पत्ता टाकून तेच सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत घ्यावं का. याचं उत्तर आधीच देते: घेऊ नकोस. सविस्तर लिहिते, कारण देशोदेशी किमती वेगळ्या असल्याच्या तुझ्या रागात थोडं तथ्यही आहे.

आधी हिशेब. संकेतस्थळावर १०० डॉलर दिसले आणि खात्यातून भलतीच रक्कम गेली, तर ती फसवणूक नसते. सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरू. मूळ किंमत झाली ९,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६२० रुपये. ही १०,६२० रुपयांची रक्कम परकीय चलनात गेली, म्हणून बँक आपलं शुल्क लावते. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के असतं, काहींवर कमी. साडेतीन टक्क्यांनी झाले सुमारे ३७२ रुपये, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६७. एकूण ११,०५९ रुपये. छापील किमतीपेक्षा जवळपास २३ टक्के जास्त. कुठलीही परदेशी किंमत पाहिलीस की हा वाढीव आकडा मनात धरूनच परवडतं की नाही ते ठरव. काही दुकानं किंमत रुपयांत दाखवतात, पण विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर काही बँका तरीही शुल्क कापतात. तुझ्या कार्डाचं दरपत्रक एकदा नीट वाच.

परदेशी कंपनीने आपल्या सरकारचा कर का घ्यावा, असं तू विचारतोस. हा कर कंपनीवर नाही, वापरावर आहे. माल जिथे वापरला जातो तिथला कर लागावा, हे तत्त्व आता जगभर रुळलं आहे. पूर्वी तसं नव्हतं. युरोपात २०१४ अखेरपर्यंत युरोपीय विक्रेता ज्या देशात बसला असेल तिथला व्हॅट ग्राहकाला लागे, म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी कमी कराच्या लक्झेंबर्गमध्ये कचेऱ्या थाटल्या. १ जानेवारी २०१५ पासून ग्राहकाच्या देशाचा दर लागू झाला. आज एकच सॉफ्टवेअर हंगेरीतला माणूस २७ टक्के व्हॅट देऊन घेतो आणि जर्मनीतला १९ टक्के. आपल्याकडे परदेशातून थेट ग्राहकाला विकलेल्या अशा सेवांवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर आला आणि १ जुलै २०१७ ला त्याची जागा जीएसटीने घेतली. परदेशी विक्रेत्याला यात उलाढालीची सूटही नाही. वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी नको, ही मुभा तुला आहे, त्याला नाही. एखाद्या छोट्या विक्रेत्याने नोंदणी केली नसेल तर बिलात कर दिसणार नाही. तुझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत ती जबाबदारी कायद्याने त्याची आहे, तुझी नाही.

यातून तुझ्या फायद्याची एक गोष्ट निघते. जर्मन दुकानात ११९ युरो लिहिलेले असतील तर त्यातले १९ युरो बहुधा तिथला व्हॅट असतो. भारताचा पत्ता टाकलास की ते वजा होऊन १०० युरो राहायला हवेत, आणि मग आपला जीएसटी चढून ११८. तिथला व्हॅट वजा न होता वर आपला कर चढत असेल, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लिहून विचार. अमेरिकेत नेमकं उलट असतं. तिथे छापील किमतीत विक्रीकर धरलेलाच नसतो, आणि तो राज्याराज्यांत वेगळा असतो. ओरेगनमध्ये राज्याचा विक्रीकरच नाही. म्हणून तिथली जाहिरात आणि आपलं बिल शेजारी ठेवून आपल्याला लुटलं असं म्हणू नये. तुलना करायची तर कर काढून करावी. आणखी एक, कार्डाच्या विवरणात निर्मात्याऐवजी पॅडलसारख्या मध्यस्थाचं नाव दिसलं तर घाबरू नकोस. बरेच छोटे निर्माते विक्री आणि करभरणा अशा कंपन्यांवर सोपवतात.

आता तुझ्या रागाचं मूळ. कर काढून तुलना केली तरी किमती सारख्या निघत नाहीत, हे खरं आहे. देवगडचा आंबा नागपुरात महाग का, हे भाडं आणि नासाडी पाहून कळतं. सॉफ्टवेअरला भाडं नाही, नासाडी नाही, दुसरी प्रत काढायला जवळजवळ खर्च नाही. मग किंमत ठरते ती गिऱ्हाईक किती देऊ शकेल याच्या अंदाजावर. हा अंदाज गरीब देशाच्या बाजूनेच पडतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात लोक वर्षानुवर्षं अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत होते. चॉइस या ग्राहक संघटनेने दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टचं एक महागडं साधन घ्यायला माणसाला विमानाने अमेरिकेला पाठवून परत आणलं तरी ते स्वस्त पडेल. तिथल्या संसदीय समितीने २०१३ च्या मार्चमध्ये ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या तिन्ही कंपन्यांना चौकशीसाठी समोर बोलावलं आणि त्याच वर्षी अहवाल दिला. तक्रार करायची तर ती अशी उघडपणे करावी, असं मला वाटतं.

खोटा पत्ता टाकणं ही तक्रार नव्हे. त्याची किंमत कोण मोजतं ते स्टीमच्या उदाहरणात बघ. खेळ विकणाऱ्या या दुकानात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानच्या किमती तिथल्या चलनात, तिथल्या कमाईला झेपतील अशा होत्या. पेसो आणि लिरा घसरत गेले, तशा बाकीच्या जगाला त्या किमती फुकटासारख्या वाटू लागल्या आणि ठिकठिकाणचे लोक देश बदलून तिथून खरेदी करू लागले. २०२१ मध्ये स्टीमने देश बदलण्यावर तीन महिन्यांची अट घातली. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून दोन्ही देशांतला व्यवहार डॉलरमध्ये गेला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने कारण दिलं ते विनिमयदराच्या चढउतारांचं, आणि तेही खरंच होतं. पण बाहेरून येणारी अशी गर्दी दिसत असताना कुठला निर्माता स्थानिक किंमत खाली ठेवायला धजेल? ब्यूनस आयर्समधल्या विद्यार्थ्याला एका रात्रीत खेळ कित्येक पटींनी महाग झाले. ज्यांनी तिथल्या नावावर स्वस्तात घेतलं, ते आपापल्या देशात सुखात होते. सोनू, उद्या एखादा निर्माता भारतासाठी कमी किंमत ठेवेल. ती टिकावी असं आपल्याला वाटत असेल, तर दुसऱ्याची किंमत आपण खाऊ नये.

शिवाय हे लपत नाही. आपल्या एकात्मिक जीएसटी कायद्यात ग्राहक कुठला हे ओळखायच्या सात खुणा दिल्या आहेत: दिलेला पत्ता, कार्ड कुठे निघालं, बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँक खातं, सिमकार्डाचा देश, आणि जमिनीवरचा दूरध्वनी. यातल्या परस्परांशी जुळणाऱ्या दोन मिळाल्या तरी पुरे. व्हीपीएनने एक खूण झाकशील. नाशिकच्या बँकेचं कार्ड कसं झाकणार? आणि विक्रेत्याने परवाना रद्द केला तर दाद कुणाकडे मागशील? अर्धवट ध्वनिमुद्रण हातात आणि सॉफ्टवेअर उघडत नाही, अशा वेळी गिऱ्हाइकाला काय सांगशील? फुटकळ दुकानांत मिळणाऱ्या पडेल भावाच्या परवान्याच्या कळांनाही (लायसन्स की) हेच लागू आहे. त्या कुठून आल्या ते विकणारा सांगत नाही.

परवडत नसेल तर सरळ वाटा आहेत. विद्यार्थी सवलत बऱ्याच ठिकाणी असते. छोट्या निर्मात्याला नम्रपणे लिही, आपली परिस्थिती सांग; काही जण देशाच्या क्रयशक्तीनुसार सूट देतात. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर मला यासाठी आवडतं, की त्याची किंमत देशावर नाही, तर कमाईवर ठरते: वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्याला ६० डॉलर, त्यापुढे २२५. तू बेशक पहिल्या गटात बसतोस. ऑडॅसिटी तर फुकटच आहे, आणि सुरुवातीच्या कामाला पुरतं.

जीएसटी क्रमांकाबद्दल अर्ध्या ओळीत विचारलंस, पण चूक तिथेच होते. तुझी नोंदणी होईल तेव्हा खरेदी करताना आपला क्रमांक टाक. मग विक्रेता कर लावणार नाही. तो १८ टक्के कर तू स्वतः रोखीने भरायचा, जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात दाखवायचा आणि व्यवसायासाठी वापर असेल तर त्याचं क्रेडिट घ्यायचं. विक्रेत्याने लावला नाही म्हणजे कर माफ झाला, असा समज करून घेऊ नकोस. नोंदणी होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा क्रमांक टाकायचा नाही, मित्राचाही नाही. आणि नोंदणी झाल्यावर करमणुकीचा खेळ त्या क्रमांकावर घ्यायचा नाही.

वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलंस तर एवढं लक्षात ठेव: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, आणि १५,००० रुपयांपुढच्या रकमेला दरवेळी तुझी वेगळी संमती लागते. ती सूचना वाचायची सवय ठेव. नको असलेली वर्गणी तिथेच बंद करता येते. प्रत्येक बिल पीडीएफमध्ये उतरवून एका जागी ठेव. त्यावर तुझं नाव, खरा पत्ता आणि कराची रक्कम आहे ना, ते त्याच दिवशी बघ.

रीपर साठ दिवस चालवून बघता येतं, तेवढी मुदत ते देतात. मनासारखं वाटलं तर घे, आणि पैसे भरण्याआधी शेवटच्या पानाचं चित्र मला पाठव. हिशेब आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
आत्या