धाप हृदयाची की फुफ्फुसाची?

चार पावले चालताच धाप लागणे ही रुग्णालयात नेहमी ऐकू येणारी तक्रार होय. चुलीपुढे आयुष्य गेलेली वृद्धा, विडी ओढणारा शेतमजूर, गर्भवती तरुणी हे सारे एकच तक्रार सांगतात. परंतु त्यामागील विकार मात्र भिन्न असू शकतो. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुफ्फुसांत जाऊन प्राणवायू घेते व डाव्या बाजूस परतते. डावी झडप अरुंद झाली किंवा स्नायू दुर्बल झाला, तर रक्त फुफ्फुसांत तुंबते आणि दम्यासारखी घरघर होते. उलटपक्षी, फुफ्फुसांचा जुना विकार हृदयाच्या उजव्या बाजूवर भार टाकतो व पायांवर सूज आणतो. म्हणूनच केवळ लक्षणांवरून औषध देणे धोक्याचे ठरते. तपासणी आवश्यक असते.

हृदयाची तपासणी

फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेली श्रवणनलिका आजही पहिले साधन आहे. झडपेचा दोष असल्यास तिच्यातून वेगळा आवाज ऐकू येतो. त्यानंतर ईसीजी. या यंत्राची पायाभरणी करणारे हॉलंडचे आइन्टहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दहा जोडण्यांद्वारे हृदयातील विद्युत्प्रवाहाचा आलेख काही मिनिटांत मिळतो. मात्र पहिला आलेख निर्दोष असला तरी हृदयविकाराचा झटका नाहीच, असे मानता येत नाही. पुन्हा आलेख व रक्ततपासणी करावी लागते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने होणाऱ्या टू-डी एको तपासणीत झडपा व हृदयाची आकुंचनशक्ती दिसते. चालत्या पट्ट्यावरील ताण चाचणी आणि मोठ्या रुग्णालयांतील अँजिओग्राफी यांतून हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांचा शोध लागतो.

फुफ्फुसांची तपासणी

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर बेडका तपासणे अगत्याचे आहे. क्षयरोगाचे निदान व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात फुफ्फुसांतील डाग, पाणी व हृदयाचा वाढलेला आकार हे सर्व दिसते. स्पायरोमेट्री चाचणीत रुग्ण खोल श्वास घेऊन जोराने नळीत फुंकतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, यावरून श्वासनलिका अरुंद आहेत काय हे समजते. औषध हुंगविल्यानंतर मोजमाप बरेच सुधारल्यास दम्याचा संभव अधिक. तंबाखू वा चुलीच्या धुराने आलेला जुना अवरोध सहसा पूर्ण नाहीसा होत नाही.

विलंबाची किंमत

छातीत दडपण, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, घाम ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या बारा तासांत उपयोगी पडते व जितके लवकर द्यावे तितका हृदयाचा अधिक स्नायू वाचतो. 'वात भरला' असे समजून घरी थांबणे घातक आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

मुलांच्या बाबतीत विलंबाचे रूप वेगळे असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसादुखीनंतर सांधे सुजून ताप आल्यास संधिवाताच्या तापाची शंका घ्यावी. त्यात झडपांना इजा होते व तिचे परिणाम तरुणपणी, स्त्रियांत बहुधा गर्भारपणी, प्रकट होतात. दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत राहिल्यास ही हानी टळते. मध्येच ते सोडल्यास रोग पुन्हा उलटतो.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी खेळताना लवकर थकणाऱ्या वा ओठ निळे पडणाऱ्या मुलांची नोंद घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून त्यांची तपासणी करून घ्यावी. खर्चाच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणाऱ्या कुटुंबांना पंचायत सदस्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आरंभ झालेल्या या योजनेस २०१७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. अंगीकृत रुग्णालयांत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्याखाली होतात. रुग्णास पाठविताना जुने आलेख, क्ष-किरण चित्रे व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत द्याव्यात. जुन्या आलेखाशी तुलना केल्याने निदान सुकर होते.

रुग्णालयातील यंत्रे कितीही चांगली असली तरी ती रुग्णाच्या दारी येत नाहीत. धाप म्हणजे वयाचा किंवा अशक्तपणाचा परिणाम, हा समज गावाने सोडला व रुग्णास वेळेवर तपासणीसाठी पाठविले, तरच त्या यंत्रांचे सार्थक होईल.