जुने इंजिन सुरू करण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात माळीकाम करतात, आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी कल्याणच्या एका भंगारवाल्याकडून गवत कापायचे पेट्रोलवरचे जुने मशीन आणले. किंमत जवळजवळ माझ्या वर्षाच्या फीएवढी. दोरी ओढून पाहण्याची घाई आम्हां सर्वांनाच झाली होती. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी थांबवले. त्यांच्यापाशी जे शिकलो ते येथे देत आहे.

प्रथम प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. या मशीनचे पाते थेट इंजिनाच्या दांड्यावरच बसवलेले असते. पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते, आणि सिलिंडरात पेट्रोलची वाफ राहिली असेल तर ठिणगी पडून ते सुरू होऊ शकते. त्या वेळी बोटे पात्यावरच असतात!

मग प्लग काढून दोरी सावकाश ओढावी. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही दिवशी उल्हास नदीचे पाणी आपल्याकडच्या वस्त्यांत शिरले होते. बुडालेले यंत्र पुसून रंगवले तर वरून काय कळणार? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या सिलिंडरातून पाणी आले नाही. तेल मात्र डांबरासारखे काळे झाले होते, ते बदलले. टाकीतले शिळे पेट्रोलही ओतून दिले. त्याचा चिकटा कार्बुरेटरचे बारीक छिद्र बुजवतो.

खरी गोम पुढेच होती. इंजिनाचा वेग मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांच्या आत ठेवण्याचे काम गव्हर्नर करतो. वेग वाढू लागला की तो थ्रॉटल आपोआप मिटवत आणतो. आमच्या मशीनच्या गव्हर्नरची कडी कोणीतरी तारेने बांधून टाकली होती! दोरी ओढली असती तर वेग आवरला नसता, आणि इंजिन फुटते की पाते सुटते एवढेच पाहायचे राहिले असते. काकांनी तार सोडून कडी हाताने हलवून दाखवली. वडील बराच वेळ त्या तारेकडे पाहत होते.

मी म्हटले, चाचणीपुरते पाते काढून ठेवू. काका हसले. अशा पुष्कळ मशीनांत फ्लायव्हील हलके असते, त्याचे निम्मे काम पात्याचे वजनच करते. पाते काढले तर दोरी उलटा हिसका देऊन मनगट मोडू शकते. म्हणून पात्याचा नट आवळला, मोकळ्या मैदानातले खडे वेचले, पोरांना लांब उभे केले. बंद कसे करायचे ते आधी पाहून घेतले. खोलीत किंवा जिन्याखाली तर कधीच सुरू करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागले. आधी निळसर धूर आला, म्हणजे थोडे तेल जळत होते. मग तो विरला.

वडिलांनी पहिल्या दिवशी अर्धेच अंगण मशीनने कापले. उरलेले विळ्याने.