रात्रीच्या कीर्तनासाठी ध्वनिवर्धक लावणाऱ्या पुतण्यास

मु. पो. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना



यंदाच्या सप्ताहात रात्रीच्या कीर्तनासाठी गावाने कर्णे उतरवून लाईन ॲरे लावण्याचे मुक्रर केले आणि ते काम तुझ्या हाती दिले, याचा मला संतोष आहे. परंतु महागडी पेटी आणली की आवाज आपोआप सर्वांपर्यंत पोचतो, असा जो समज मंडळींत पसरला आहे, त्याच्या आहारी तू जाऊ नयेस, म्हणून हे लिहितो.

एकाखाली एक टांगलेल्या पेट्यांनी एकमुखाने बोलावे, आणि अंतर दुप्पट झाले असता एकट्या कर्ण्याचा आवाज जेथे सहा डेसिबलने उतरतो तेथे या रांगेचा, काही अंतरापर्यंत तरी, तीनच डेसिबलने उतरावा, हे या रचनेचे मर्म आहे. फ्रान्समधील ख्रिश्चन हाइल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ते व्यवहारात उतरविले. पण हा गुण सर्व स्वरांना सारखा लाभत नाही. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, म्हणून दोन मीटरांच्या रांगेला पखवाजाच्या धुमेचा आवाज हव्या त्या दिशेस वळविता येत नाही. उलट टाळांच्या व व्यंजनांच्या लहरी काही सेंटीमीटरांच्याच असल्यामुळे पेट्यांमधील कोन एका अंशाने चुकला तरी ४० मीटरांवर नेम सुमारे ७० सेंटीमीटरांनी ढळतो, आणि अगदी मागे बसलेल्या म्हातारीला बुवांचा सूर ऐकू येऊनही शब्द कळत नाही. कीर्तनात शब्दच गेला तर राहिले काय?

म्हणून रांग वर चढविण्यापूर्वी प्रत्येक पेटी जमिनीवरच आधी एकेकटी आणि मग शेजारणीबरोबर वाजवून पाहा. एकीची पोलॅरिटी उलट असेल तर ती शेजारणीचा आवाज खाऊन टाकते, आणि हा दोष वर टांगल्यावर शोधणे अत्यंत कष्टाचे असते. चेन ब्लॉक आणि सुरक्षेची तार स्वतः तपास. ट्रसच्या पायांखाली रुंद फळ्या घाल, कारण आपली काळी माती ओलावली की भार सोसत नाही. आणि रांग चढत असता तिच्याखाली कोणीही, मग तो पंच असो वा पोर, उभा राहणार नाही असा बंदोबस्त ठेव. याबाबतीत भीड धरू नकोस.

मुख्य गोष्ट मात्र वेळेची आहे. आपल्याकडे मंडप दुपारी उभा होतो, चाचणीही दुपारीच उरकली जाते, आणि कीर्तन होते रात्री. दुपारच्या ३० अंश उष्म्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर चालतो, रात्रीच्या १५ अंशांत सुमारे ३४०. म्हणजे मागच्या डिले स्पीकरासाठी ४० मीटरांच्या हिशेबाने दुपारी लावलेले ११४ मिलिसेकंदांच्या विलंबाचे मान रात्री ११७ च्या पुढे सरकवावे लागते. याहून मोठा फरक हवेच्या उष्ण-गार थरांचा: दिवसा तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो, तर निरभ्र, शांत रात्री जमीन आधी निवल्यामुळे तो खाली वळून शिवारापलीकडच्या वस्तीपर्यंत पोचतो. दुपारी पुरेसा वाटलेला आवाज तेथे निजलेल्या आजाऱ्यास छळ ठरू शकतो. शिवाय रिकाम्या मंडपात जो टाळ तीक्ष्ण भासतो, तो माणसे बसल्यावर मवाळ होतो. सबब दुपारची तपासणी ही तात्पुरती तजवीज समज. सायंकाळी हरिपाठाच्या वेळी, खरा पखवाज, खरे टाळ आणि खरा कंठ समोर असताना, पहिल्या सतरंजीपासून शेवटच्या माणसापर्यंत सावकाश चालत जा, आणि मिक्सरजवळ जे ऐकलेस ते क्षणभर विसर. चित्रपटाचे ध्वनिमुद्रित गीत लावून केलेली परीक्षा येथे कुचकामी आहे, कारण ते गीत आधीच सर्व बाजूंनी घासूनपुसून आलेले असते.

आता कायद्याचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. शासनाने ठरविलेल्या, वर्षाकाठी १५ हून अधिक नसलेल्या, दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. आपला सप्ताह त्यांत बसतो की नाही हे गृहीत धरू नकोस. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी परवाना घे, आणि त्याची नक्कल मिक्सरपाशी ठेव. येताना मोजपट्टी व तापमापक आण. जनरेटरच्या अर्थिंगसाठी खड्डा मी आधीच खणवून ठेवतो.

तुझा,
काका